दोन सिलिंडरची काटकसर

मंडळी, समीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कादंबरी येते, नाटक येते, फार तर एखादी गाण्याची मैफल येते. इंजिनाची समीक्षा कोणी करीत नाही. 'मायलेज किती देते?' एवढा एक प्रश्न विचारला की आपले समाधान होते. वास्तविक इंजिन हीसुद्धा कुणीतरी डोके लावून केलेली रचनाच असते. त्यातही काय ठेवावे, काय गाळावे, कुठे हात आखडावा आणि कुठे मुळीच आखडू नये याचे निर्णय असतात, आणि ते बरोबर की चूक हे तपासता येते. म्हणून आज मी तुमच्यापुढे दोन सिलिंडरच्या मोटारीच्या इंजिनाची समीक्षा मांडणार आहे. कंटाळा आला तर जेवणाच्या पाककृतींचे पान पुढेच आहे, खुशाल उलटावे!

या विषयात मला रस का, ते आधी सांगतो. माझी डॉक्टरेट इंजिनांच्या कंपनांवर झाली. ती कंपने संगणकावर मोजता मोजता मी इंजिन सोडून संगणकाकडेच वळलो आणि आज पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण इंजिन मला खरे शिकवले ते बाबांनी. बाबा सांगलीला एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. बस फाटकातून आत येताना नुसत्या आवाजावरून 'हिचा तिसरा इंजेक्टर गेलाय' असे सांगणारा माणूस. त्यांनी २०१२ च्या गुढीपाडव्याला नॅनो घ्यायचे ठरवले आणि मला फोन केला. मी इथून, आंग मो किओच्या दहाव्या मजल्यावरून, त्यांना म्हणालो, "बाबा, दोन सिलिंडरची गाडी काय घेताय? लोक हसतील. तीन सिलिंडरची घ्या, वरचे पैसे मी पाठवतो."

बाबा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "अरे, तुझ्या आईचे गुडघे आता स्कूटरवर बसू देत नाहीत. तिला मंडईपर्यंत आणि गणपतीच्या देवळापर्यंत न्यायची आहे. तिथवर जायला किती सिलिंडर लागतात, ते तू शिकलेला आहेस, तूच सांग."

मला उत्तर देता आले नाही. इंजिनावर प्रबंध लिहिलेल्या माणसाने गाडीबद्दल जे पहिले वाक्य उच्चारले ते इंजिनाबद्दल नव्हते, लोकांबद्दल होते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रथम थोडे तांत्रिक, पण घाबरू नका. इंजिनाची क्षमता ठरलेली असेल, समजा ६२४ सीसी, तर ती चार सिलिंडरांत वाटायची की दोन, हा रचनाकारापुढचा पहिला प्रश्न. चारांत वाटली तर प्रत्येक सिलिंडर १५६ सीसीचा होतो, दोनांत वाटली तर ३१२ सीसीचा. लहान वाटीतला चहा मोठ्या पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तेच इथे. त्याच क्षमतेच्या चार सिलिंडरांत आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ दोन सिलिंडरांच्या मानाने साधारण सव्वापट भरते, आणि पेट्रोल जाळून मिळवलेली उष्णता त्या भिंतींतून वाया जाते. शिवाय पिस्टन निम्मे, रिंगा निम्म्या, व्हॉल्व्ह निम्मे, बेअरिंगे कमी. घासणारे भाग कमी म्हणजे घर्षणही कमी. वजन कमी, लांबी कमी, किंमत कमी.

मग सगळ्या गाड्या दोन सिलिंडरच्याच का नाहीत? कारण फुकट काहीच मिळत नाही. चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच ढकलतो. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांनी नुसते चालू ठेवले, तर चार सिलिंडरचे इंजिन सेकंदाला ३० धक्के देते आणि दोन सिलिंडरचे १५. तीस धक्क्यांचा गुंजारव होतो, पंधरा धक्के मात्र माणसाला एकेक करून जाणवतात. त्यातून पिस्टनच्या वरखाली होण्याने इंजिन स्वतःच उड्या मारू पाहते, ते निराळे. यावर उपाय म्हणून बॅलन्सर शाफ्ट घालतात. मुद्दाम एका बाजूला जड केलेला हा दांडा क्रँकशाफ्टच्या उलट दिशेने, तेवढ्याच वेगाने फिरतो आणि एकाची उडी दुसरा दाबतो. शिवाय फ्लायव्हील जड करावे लागते, इंजिन मऊ रबरावर टांगावे लागते. म्हणजे एका हाताने काढलेल्यातले थोडे दुसऱ्या हाताने परत घालावे लागते. किती काढले आणि किती परत घातले, हा हिशेब मांडणे हेच दोन सिलिंडरच्या इंजिनाचे परीक्षण.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो गरिबीने. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये १९४८ साली सित्रोएनची 'दो शव्हो' लोकांपुढे आली. ३७५ सीसी, समोरासमोर निजवलेले दोन सिलिंडर, हवेने थंड होणारे. शेतकऱ्याला बटाट्याचे पोते आणि अंड्यांची टोपली नांगरलेल्या शेतातून अंडी न फोडता नेता आली पाहिजे, ही तिची अट. समोरासमोरचे पिस्टन एकमेकांच्या उड्या आपोआप दाबतात, म्हणून वेगळा बॅलन्सर लागला नाही. १९५७ साली इटलीत दान्ते जाकोसा यांनी फियाट ५०० केली, ४७९ सीसीची, दोन सिलिंडर उभे शेजारीशेजारी. १९५८ साली जपानमध्ये सुबारू ३६० आली, तीही दोनच सिलिंडरची. तिन्ही देश तेव्हा युद्धाने खंगलेले होते, आणि तिथल्या लोकांनी या गाड्यांना कमी लेखले नाही. सित्रोएनची ती गाडी १९९० पर्यंत बनत होती!

आपल्याकडेही एक माणूस हेच करू पाहत होता, हे फार थोड्यांना माहीत असते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. महायुद्ध संपल्यापासून सत्तरच्या दशकापर्यंत त्यांनी 'मीरा' नावाच्या छोट्या गाडीची एकामागून एक रूपे स्वतः बनवली, आणि नंतरच्या रूपात दोन सिलिंडरचे इंजिन होते. गाडी रस्त्यावर धावली, पण परवान्यांच्या त्या काळात कारखाना काही उभा राहिला नाही. मीरा बाजारात आली असती तर चालली असती का, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण सांगली-कोल्हापूरकडच्या माणसांना दोन सिलिंडरची गाडी ही कल्पना परकी नव्हती, एवढे खरे.

मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. माझ्या पिढीने 'गाडी' हा शब्द या गाडीवरून शिकला. तीन हा आकडा आमच्या मनात 'किमान' म्हणून बसला तो तेव्हापासून. त्याच्या खाली रिक्षा आणि स्कूटर. मी बाबांना फोनवर जे बोललो ते याच शिकवणीतून आलेले होते.

आता नॅनोकडे येऊ. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटा यांना ही गाडी सुचली, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती दाखवली गेली, मार्च २००९ मध्ये विक्रीला आली. घडवली मुख्यतः पुण्याच्या टाटांच्या संशोधन केंद्रातल्या लोकांनी, गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली. इंजिन मागच्या बाजूला, ६२४ सीसी, दोन सिलिंडर, ॲल्युमिनियमचे, पेट्रोलचा फवारा संगणकाच्या ताब्यात, एक बॅलन्सर शाफ्ट. सिलिंडरचा व्यास ७३.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही तेवढीच. सुरुवातीला ३५ अश्वशक्ती, २०१२ च्या रूपात ३८. गाडीचे वजन ६०० किलोच्या आसपास.

हे इंजिन मी सांगलीला सुट्टीत जाऊन ऐकले. बाबांनी मागची सीट पुढे पाडून, झाकण काढून ते दाखवले, जणू नवीन नातवंड दाखवावे. चालू केल्यावर रिक्षाची आठवण होते हे नाकारण्यात अर्थ नाही, पंधरा धक्क्यांचे गणित कुणाला चुकत नाही. पण मी त्यावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला, आणि फेऱ्या वाढवल्यावर पाण्यावरची थरथर कमी झाली, वाढली नाही. बॅलन्सर आपले काम चोख करीत होता. बाबा म्हणाले, "बघ, जे काढता येत होते ते काढलंय, पण जे काढून चाललं नसतं ते ठेवलंय." माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात एवढे स्वच्छ वाक्य नाही.

पण समीक्षा करायची तर कौतुकावर थांबून चालत नाही. दोन सिलिंडरच्या इंजिनाचे सगळ्यात मोठे कौतुक झाले ते मायलेजसाठी, आणि माझ्या मते तेच चुकीचे होते. आकडे पाहा. पुण्याच्या टेकडीवरच्या ए.आर.ए.आय. या संस्थेच्या प्रमाणपत्रानुसार नॅनोचे मायलेज आधी लिटरला २३.६ किलोमीटर होते, २०१२ च्या रूपात २५.४. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या अल्टो ८०० चे, म्हणजे तीन सिलिंडर आणि ७९६ सीसीचे, २२.७४. अल्टो मोठी, जड आणि जास्त ताकदीची. एक अख्खा सिलिंडर आणि १७० सीसी वाचवून फरक किती, तर पावणेतीन किलोमीटरचा! डिझेलमध्ये तर गंमतच झाली. सुझुकीने २०१५ साली सेलेरिओत ७९३ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन घातले, मायलेज २७.६२. दोन वर्षांनी मोठी डिझायर आली, चार सिलिंडरची, १२४८ सीसीची, तिचे २८.४०. त्याच वर्षी सेलेरिओतले डिझेल इंजिन मागणीअभावी बंद झाले.

युरोपातही तेच. फियाटने २०१० साली ८७५ सीसीचे 'ट्विनएअर' आणले. टर्बो, व्हॉल्व्हवर अत्याधुनिक नियंत्रण, ८५ अश्वशक्ती. २०११ चे जगातले सर्वोत्तम इंजिन म्हणून त्याचा सन्मान झाला. कागदावर मायलेज उत्तम, पण रस्त्यावर ते हाती लागत नाही, असे परीक्षकांनी एकामागून एक लिहिले. कारण सोपे आहे. लहान इंजिन सावकाश चालवले तर कमी पिते. दामटून चालवले तर मोठ्याइतकेच पिते, आणि लहान असल्यामुळे ते दामटावेच लागते. फेऱ्या कमी केल्या तर ते गचके देते, म्हणून चालक खालच्या गिअरमध्येच राहतो. २०२० साली फियाटने त्या गाडीत तीन सिलिंडरचे माइल्ड-हायब्रिड इंजिन आणले.

तेव्हा निष्कर्ष असा की दोन सिलिंडर पेट्रोलपंपावर फारसे वाचवत नाहीत, ते कारखान्यात वाचवतात. धातू कमी, जुळणी कमी, वजन कमी, जागा कमी. नॅनोच्या इंजिनाचे खरे यश हे की त्यामुळे चार माणसे छपराखाली बसवणारी गाडी कारखान्याच्या दारात एक लाखात पडू शकली. पण खरेदीदाराला हे समजावून सांगणे अवघड असते. त्याला मायलेजचा आकडा हवा असतो, आणि तो आकडा थोडाच पुढे असल्याचे पाहून त्याने शेजारची तीन सिलिंडरची गाडी घेतली, तर त्याचे काय चुकले?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आपल्या आयाआज्यांना एक भेद बरोबर कळत असे, काटकसर वेगळी आणि कंजूषपणा वेगळा. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करणे ही काटकसर. पाहुण्याच्या ताटात तूप न वाढणे हा कंजूषपणा. नॅनोमध्ये हे दोन्ही शेजारीशेजारी बसले होते. इंजिन ही काटकसर होती. दोन सिलिंडर काढले, पण त्यांच्या जागी बॅलन्सर घातला. एकच वायपर, चाकाला तीनच नट, हेसुद्धा विचारपूर्वक केलेले होते. पण मागचे दार उघडतच नसे, सामान सीटवरून वाकून आत टाकावे लागे, आणि ते दार उघडायला २०१५ साल उजाडले. हा कंजूषपणा. आणि २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपच्या टकरीच्या चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले. त्या चाचणीत अल्टोसकट इतर चार भारतीय गाड्यांनाही एअरबॅगविना शून्यच मिळाले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरी, कात्री कुठे थांबवायची हा प्रश्न उरतोच. माणसाच्या जिवाशी आल्यावर ती थांबली पाहिजे.

ग्राहकाला हा भेद कारखान्याने समजावून दिला नाही. 'जगातली सर्वांत स्वस्त गाडी' एवढेच ऐकू आले, आणि त्या एका वाक्याने चांगले इंजिनही न उघडणाऱ्या दाराच्या पंगतीला जाऊन बसले. स्वस्त हा शिक्का बसायला नको होता, हे खुद्द रतन टाटा यांनीही पुढे मान्य केले. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांसाठी बांधलेला, आणि सगळ्यात चांगल्या वर्षात, २०११-१२ मध्ये, खपल्या सुमारे ७४ हजार. २०१८ मध्ये उत्पादन थांबल्यातच जमा झाले.

यात फक्त कारखान्याची चूक होती का? मला तसे वाटत नाही, आणि याचा पुरावा त्याच कारखान्यात आहे. त्याच कंपनीने, त्याच वाघ यांच्या नेतृत्वाखाली, २००५ साली 'एस' नावाचा छोटा टेम्पो आणला होता. इंजिन डिझेलचे, ७०२ सीसी, सिलिंडर दोन, अश्वशक्ती १६. लोकांनी त्याला प्रेमाने 'छोटा हत्ती' म्हटले आणि तो लाखांनी खपला. त्याचा धडधडाट नॅनोपेक्षा कितीतरी जास्त, पण कोणी हसले नाही. कारण टेम्पो घेणारा माणूस हिशेब करतो, माल किती, फेऱ्या किती, हप्ता किती. गाडी घेणारा माणूस शेजाऱ्याकडे पाहतो. दोन सिलिंडर मालासाठी पुरेसे, पण अब्रूसाठी अपुरे! या हसणाऱ्यांत मी होतो, आणि माझ्याकडे तर न हसण्याइतके शिक्षणही होते.

इथे आंग मो किओला बसून हे लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. या गावात गाडी बाळगायची तर आधी सीओई हा दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. १९९० पासूनची ही पद्धत. १६०० सीसीपर्यंतच्या, ताकद फार नसलेल्या पेट्रोल गाड्या एकाच वर्गात, म्हणजे ६२४ सीसी असोत की १५९८, परवान्याची बोली तीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये या वर्गाची बोली एक लाख डॉलरच्या वर गेली होती. तिकडे एक लाख रुपयांत अख्खी गाडी देण्याची धडपड, इकडे एक लाख डॉलरला नुसता कागद! रस्ताकर सीसीप्रमाणे थोडा कमी होईल, पण एवढ्या मोठ्या कागदापुढे इंजिनातली काटकसर कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथे काटकसर निराळ्या ठिकाणी केलेली आहे. सिंगापूरची पहिली एमआरटी ७ नोव्हेंबर १९८७ रोजी धावली, तेव्हाच्या पाच स्थानकांत आंग मो किओ एक होते. मी रोज त्याच फलाटावर उभा राहतो. माझ्याकडे गाडी नाही, आणि त्याबद्दल मला इथे कोणी हसत नाही. गाडी नसणे जिथे लाजिरवाणे नाही, तिथेच माणूस किती पुरेसे आहे याचा शांतपणे विचार करू शकतो. सांगलीत बस वेळेवर येत असती, आणि तिची पायरी आईच्या गुडघ्यांना चढता आली असती, तर बाबांनाही गाडी लागली नसती. ज्यांनी आयुष्यभर एस.टी.च्या गाड्या धावत्या ठेवल्या, त्यांनीच हे मला सांगितले.

बाबा आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत, गाडी क्वचित काढतात. आईला अजून तीच गाडी आवडते, कारण सीट उंच आहे आणि बसताना वाकावे लागत नाही. २०२७ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे पुरी होतील. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी आईला देवळात नेऊन आणले. परत आल्यावर बाबा ओट्यावरच उभे होते, गाडी कोपऱ्यावर वळताना त्यांनी कान दिलेला असणार.

"प्लग बदलायला झालाय," ते म्हणाले, "एक सिलिंडर जरा उशिरा पेटतो."

मी प्लग काढून पाहिला. त्यांचे बरोबर होते. दोनच सिलिंडर असले की कोणता चुकतोय ते लगेच कळते, हाही एक गुण आहे, आणि तो कुठल्याच जाहिरातीत नव्हता. "देवळापर्यंत जायला किती सिलिंडर लागतात?" या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना तेव्हा दिले, "दोन, बाबा."

"मग?" एवढेच म्हणून त्यांनी नवीन प्लग माझ्या हातात ठेवला.